मेहुण्याची काडतुसं

माझ्या मेहुण्याने, आर्विडने, आयुष्यात मला फुकट दिलेली गोष्ट एकच. त्याची बहीण. आणि तीसुद्धा देताना त्याने लग्नाच्या जेवणावरच माझी होडी दोन दिवसांसाठी मागून नेली. ती अजून त्याच्याच धक्क्याला बांधलेली आहे. म्हणून ऑक्टोबरातल्या एका सकाळी हा माणूस कॉफीच्या जुन्या डब्यात चाळीस काडतुसं घेऊन माझ्या दारात आला आणि "तुझ्यासाठी हाताने भरलीत, ठेव," म्हणाला, तेव्हा मी आधी डब्याचं बूड पाहिलं, मग त्याच्या पाठीमागे कोणी लपलंय का ते पाहिलं, आणि मगच डबा घेतला.

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"कशाबद्दल म्हणजे? नवी रायफल घेतलीस ना?"

"ते तुला कोणी सांगितलं?"

"ओन्नी, तू ती पाठीला लावून भर रस्त्यातून चर्चपर्यंत चालत गेलास. गावातल्या आंधळ्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे." एवढं बोलून तो गेला. कॉफीला थांबला नाही. आमच्या सुपीरियर सरोवराच्या या काठावर फिनलंडहून आलेल्यांच्या वंशातला माणूस कॉफीला थांबत नाही, म्हणजे एक तर घरात कोणी गेलेलं असतं, नाहीतर त्याच्या पोटात काहीतरी असतं. त्याच्या घरी सगळे ठणठणीत होते.

आता ही रायफल मला का घ्यावी लागली ते सांगतो.

आमच्या शिकारीच्या कॅम्पवर, म्हणजे डांबरी कागद मारलेली एक खोली, एक लाकडाची चूल आणि बाहेर सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, एवढाच तो पसारा, एक नियम आहे. ज्याचा हरणावरचा नेम चुकेल त्याच्या शर्टाची मागची बाजू, आम्ही तिला शेपूट म्हणतो, कात्रीने कापायची आणि नाव-साल लिहून भिंतीला ठोकायची. सलग तीन वर्षं शेपूट गेलं तर त्या माणसाने रायफल खुंटीला टांगायची आणि पुढे जन्मभर चूल सांभाळायची. त्याची बसायची जागा क्रमाने त्याच्या खालच्या माणसाला. माझी जागा म्हणजे बीव्हरांनी, त्या पाण्यातल्या दातऱ्या जनावरांनी, घातलेल्या बांधाजवळचा देवदाराचा बुंधा. माझ्या बापाने तो बसून बसून असा गुळगुळीत केला होता की त्यावर माझं बूड आपोआप बसायचं. आणि माझ्या खालचा माणूस म्हणजे आर्विड.

मागच्या दोन वर्षांत भिंतीवर माझी दोन शेपटं लागली होती. एक हिरवं, एक लाल चौकड्याचं.

नेम माझा वाईट नव्हता. खांदा वाईट होता. सॉनाच्या छपरावरचा बर्फ ओढताना मी बर्फासकट खाली आलो होतो, आणि डॉक्टरने आत एक खिळा ठोकला होता. माझी जुनी रायफल तर गाढवाच्या वरताण लाथ मारायची. एकदा मी तिने उत्तरेला गोळी झाडली आणि दक्षिणेला शेजाऱ्याच्या बटाट्यांत उठून बसलो. शेजारी म्हणाला, आलाच आहेस तर चार ओळी खणून दे. मी खणून दिल्या. खिळा बसल्यावर मात्र तिचा चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायचे. डोळे मिटून हरीण मिळत नाही.

शेवटी हेल्मी, माझी बायको, म्हणाली, "ती बिनहाताने भरणारी घे ना. तिचा धक्का कमी असतो म्हणे."

"कोण म्हणे?"

"लोक म्हणे."

लोकांची नावं तिने सांगितली नाहीत. मी तेही मनात नोंदवून ठेवलं.

तर अशी माझी पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल घरात आली. माप तेच जुनं, काम नवं. ती घेतली लेम्पीच्या दुकानातून. लेम्पीकडे खिळे, गळाचे किडे, शिवणाचे दोरे आणि रायफली एकाच फळीवर मिळतात, आणि सल्ला न मागता मिळतो. दोन दिवसांनी काडतुसं घ्यायला पुन्हा गेलो तेव्हा तो मिळालाच.

"जन्मभर तू खटका ओढून गोळी भरलीस," लेम्पी काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली. "तिथे हात तुझा होता. इथे हात काडतुसातल्या दारूचा. गोळी उडाली की तिच्याच वायूतला थोडा आत वळतो, तो रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि दुसरं काडतूस जागेवर येतं. तो जोर कमी पडला तर ढकलायला कोण येणार, तुझी आजी?"

"माझी आजी आली असती," मी म्हणालो. "तिने एकदा मालगाडी..."

"ती गोष्ट ऐकलीय मी. आता ऐक. हरणाला दीडशे ग्रेन वजनाची गोळी पुरे. टोकाला शिसं उघडं असलेली, मऊ. ती पूर्ण तांब्यात गुंडाळलेली निशाणबाजीची गोळी नको, ती आरपार जाते आणि जखमी हरीण शेजारच्या जिल्ह्यात जाऊन मरतं. ही दुसरी डबी, एकशे ऐंशीची, जड. ही तिसरी लोखंडी पुंगळीची, स्वस्त. तिन्ही एकेक ने आणि खडीच्या खाणीत जाऊन झाडून बघ. कुठली पचते ते रायफलच सांगेल. दोन रायफली एकाच कारखान्यातल्या असल्या तरी त्यांची जीभ सारखी नसते. आणि काय वाटेल ते झालं तरी घरी भरलेलं काही तिला घालू नकोस."

"का?"

"कारण मी सांगतेय."

तीन डब्या विकणारी बाई घरची काडतुसं घालू नको म्हणते, यात नवल नाही. पण काउंटरवर कॉफीचे दोन कप होते, आणि एका बशीत साखरेचा अर्धा चावलेला खडा होता. आमच्याकडची जुनी माणसं खडा दातात धरून त्यावरून कॉफी ओढतात. त्या खड्यावर दातांचा ठसा होता, आणि पुढच्या एका दाताची जागा रिकामी होती. तो दात सत्तावन्न साली हॉकी खेळताना माझ्याच काठीने गेला होता.

म्हणजे आर्विड इथे येऊन गेला होता. तो चाळीस वर्षांत इथे काडतूस घ्यायला आला नव्हता, घरीच भरायचा. मग कॉफी कशाची? आणि त्याच आठवड्यात एकाने म्हणायचं घरचंच घाल, दुसरीने म्हणायचं घरचं घालू नको. दोन माणसं ठरवून उलटसुलट बोलली की मधल्याचा गोंधळ उडतो. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते माझ्या बुंध्याखाली मुरत होतं.

मी कोणावरच विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. तिन्ही डब्या आणि आर्विडचा डबा घेऊन खडीच्या खाणीत गेलो. गाडी झाडीत लपवली. आर्विडची निळी गाडी वरच्या रस्त्यावरून सावकाश गेली. परत आली. परत गेली. मी पोटावर पडून राहिलो. ती पोस्टाची गाडी होती हे मला नंतर कळलं, पण पोस्टमननेही एवढं सावकाश का जावं?

पुठ्ठ्यावर कॉफीच्या डब्याचं झाकण ठेवून गोल काढला, आणि शंभर पावलांवरून एकेक प्रकार झाडला. जड गोळ्या नीट भरल्या गेल्या, पण खांद्यातला खिळा ओरडला आणि भोकं पुठ्ठाभर विखुरली. लोखंडी पुंगळ्या दोनदा सरळ गेल्या, तिसऱ्यांदा अशा चिकटल्या की लाकडाने ठोकून काढाव्या लागल्या. मग दीडशेच्या, मऊ टोकाच्या. पाच उडवल्या. पाच पुंगळ्या शिस्तीत उजवीकडे बर्फात पडल्या आणि पाचही भोकं गोलाच्या आत. धक्का म्हणाल तर मांजराने पंजा मारावा एवढाच. डोळे पाचही वेळा उघडे होते. मी स्वतःच तपासलं.

आता आर्विडची. पहिली उडाली. आवाज म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा. भोक गोलाच्या काठाला, जरा खाली. धक्का जवळजवळ नाहीच, हे मला आवडलंसुद्धा. पण दुसऱ्यांदा चाप ओढला तर काही नाही. रिकामी पुंगळी तोंडातच अडकून उभी, चुलीच्या धुराड्यासारखी. काढली, पुन्हा झाडली. पुन्हा तेच. दहा झाडली, दहाही अडकली.

मी त्या खडीवर बसलो आणि सगळं लख्ख दिसलं. लेम्पी म्हणाली होती, जोर कमी पडला तर पुंगळी फेकली जात नाही. म्हणजे दारू कमी होती. आर्विड चाळीस वर्षं काडतुसं भरतोय. गोळी न् गोळी तराजूत तोलतो, प्रत्येक माप वहीत लिहितो. त्याची दारू चुकून कमी होत नाही. त्याने मुद्दाम कमी घातली होती! त्याला माहीत होतं की माझी पहिली गोळी घाबरून जाते. दुसरी आलीच नाही की माझं तिसरं शेपूट भिंतीवर, मी चुलीशी आणि तो माझ्या बापाच्या बुंध्यावर.

हेल्मीला मी काही सांगितलं नाही. भाऊ तिचा आहे.

चौदा नोव्हेंबरला आम्ही तिघे कॅम्पवर पोचलो. मी, आर्विड आणि म्हातारा पेंगली. पेंगली खाणीचा जुना कप्तान, वय चौऱ्याऐंशी, एका कानाने बहिरा आणि दुसऱ्याने हट्टी. कात्री त्याच्याकडे असते. शेपटांचा निवाडाही त्याचाच.

संध्याकाळी आर्विड सॉनात गेला. त्याचा चामड्याचा काडतुसांचा पट्टा खुंटीवर होता, दहा खणांचा. त्याच्याकडे जुनी खटक्याची रायफल, माप माझ्याचसारखं. मी पट्ट्यातली दहा काढली आणि त्या जागी मला दिलेल्यांतली दहा घातली. तीच पितळी पुंगळी, तीच गोळी, त्याच्याच हातची. त्याच्या आईलाही फरक कळला नसता. खटक्याच्या रायफलीत ती अडकत नाहीत, कारण तिथे हात ओढतो. पण कमी दारूची गोळी लांबवर जाता जाता खाली पडते. आर्विडला लांबचा नेम धरायची खोड. एकेचाळीस वर्षांत भिंतीवर त्याचं एकही शेपूट नव्हतं, आणि हे तो दरवर्षी जेवताना सांगायचा.

सॉनातून तो लालबुंद होऊन आला आणि म्हणाला, "माझी काडतुसं घेतलीस ना उद्याला?"

"अगदी व्यवस्थित जागी ठेवलीत," मी म्हणालो.

पंधराला उजाडताना इतकी थंडी होती की माझी शिंक तोंडातून बाहेर पडली आणि बुटावर येऊन फुटली. बुंध्यावर बसलो. नऊच्या सुमाराला बांधावर एक शिंगवाला आला. मी डोळे उघडे ठेवले, चाप ओढला. दुसरी गोळी तयार होती, पण तिची गरज पडली नाही. तो जागीच बसला.

माझी टोपी अजून हवेत होती तेव्हाच दलदलीच्या पलीकडून आवाज आला. खोकला. मग पुन्हा खोकला. मग तिसरा. मी इतका हसलो की खांदा दुखला.

संध्याकाळी आर्विड चुलीशेजारच्या बाकावर बसला होता. शर्ट पँटच्या बाहेर काढलेला, स्वतःहूनच.

"अडीचशे पावलं," तो म्हणाला. "उभं होतं, आडवं. पहिली गोळी पोटाखालच्या बर्फात. दुसरी तिथेच. तिसरी झाडली तेव्हा त्याने वळून माझ्याकडे बघितलं. कीव केल्यासारखं."

"हरणाला कीव येत नाही," पेंगलीने कात्री चाचपत म्हटलं.

"या हरणाला आली."

"म्हातारपण रे आर्विड," मी म्हणालो. "काही लाज नाही. माझी दोन आहेत त्यांच्या शेजारी छान दिसेल. रंग कुठला, निळा?"

पण आर्विड ऐकत नव्हता. त्याने पट्ट्यातलं एक काडतूस काढलं, पकडीने गोळी उपटली आणि दारू ताटलीत ओतली. ताटली दिव्याजवळ नेली. हलवली. दुसरं उपटलं, तेही ओतलं. मग त्याचा चेहरा असा पडला की तसा मी त्याच्या बापाच्या दफनालाही पाहिला नव्हता.

"ही तर ओन्नीची," तो म्हणाला.

मी पाणी प्यायला लागलो. तहान नव्हती.

"डबे बदलले वाटतं माझ्याकडून. ओन्नी, म्हणजे तुला मी माझी पूर्ण भरलेली दिली! एवढ्या दारूची! अरे देवा. खांदा कसा आहे? बघू. खिळा हलला तर नाही ना?" आणि हा माणूस उठून, शर्टाचं शेपूट लोंबत, माझा खांदा चाचपायला आला.

"म्हणजे?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"अरे, तुझी मी एक तृतीयांश दारू कमी घालून भरली होती. धक्का लागू नये म्हणून. माझ्या रायफलीत झाडून बघितली, शंभर पावलांपर्यंत मस्त चालत होती. तुझ्या बुंध्यापासून बांध सत्तरच पावलं आहे. लेम्पीकडे जाऊन तुझ्या नव्या रायफलीचं माप तेवढं विचारून आलो. भरतोय हे तिला सांगितलं नाही. काडतुसं विकणाऱ्या बाईला कसं सांगणार?"

"पण मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस? म्हणाला असतास, माझा खांदा लोखंडी पुलासारखा आहे. हेल्मी म्हणाली, सांगू नकोस, तो लगेच संशय घेईल."

आम्ही सगळे खटक्याच्या रायफलींवर वाढलेली माणसं. धक्का नको तर दारू कमी घाल, एवढंच आमचं शास्त्र. त्या नव्या यंत्राला पोटभर दारू लागते हे त्याला कसं माहीत असणार! मलाही ते लेम्पीने सांगितलं म्हणून कळलं, आणि तेही मी अर्धं लक्ष साखरेच्या खड्याकडे ठेवून ऐकलं होतं.

आता खरं सांगायचं तर गप्प बसणं शक्य होतं. आर्विडने स्वतःच चूक अंगावर घेतली होती. माझं हरीण बाहेर झाडाला टांगलेलं होतं, बुंधा माझा होता. पण त्याची बोटं अजून माझ्या खांद्यावर होती, अंड्याला धरावं तशी. आणि हेल्मीला हे सगळं ठाऊक होतं. रविवारी घरी गेल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला असता, भावाची काडतुसं कशी चालली? तिच्यासमोर माझी गोष्ट कधीच दोन वाक्यांपुढे टिकलेली नाही.

"डबे नाही बदलले," मी म्हणालो. "मी बदलली. काल. तू सॉनात होतास तेव्हा."

आर्विडचा हात खांद्यावरून उठला. चुलीतलं लाकूड फुटलं.

"का?"

"मला वाटलं, तुला माझा बुंधा हवाय."

"तुझा बुंधा?" आर्विड पेंगलीकडे वळला. "याला वाटलं मला त्याचा बुंधा हवाय. पंचवीस वर्षं मी तिथल्या वाऱ्याचं नाव काढून शिव्या देतोय!"

"काय म्हणतोय?" पेंगलीने चांगला कान पुढे केला. त्याला सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. स्वतःची लबाडी दोनदा ओरडून सांगणं सोपं नसतं. पेंगलीने दाढी खाजवली.

"गोळी झाडली आर्विडने," तो शेवटी म्हणाला. "पण काडतूस निवडलं ओन्नीने. ज्याने काडतूस निवडलं, चुकलेला नेम त्याचा. ओन्नी, वळ."

कात्री बर्फासारखी गार होती. निळं शेपूट नाहीच लागलं. माझंच लागलं, पिवळं, हिरव्या आणि लालच्या शेजारी. सलग तिसरं. नियमाप्रमाणे रायफल खुंटीला गेली, बुंधा आर्विडला मिळाला आणि चूल मला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून आमचा तो जाड भट्टीतला पॅनकेक केला. अंडी, दूध, पीठ, भरपूर लोणी. शपथेवर सांगतो, त्यात दुसरं काहीही नव्हतं. आर्विडने ताट पुढे ओढलं, काटा उचलला, थांबला. पॅनकेकचा वास घेतला. कोपरा उचलून खालची बाजू पाहिली.

"तू खा आधी."

"मी नंतर खातो."

"का नंतर?"

"स्वयंपाकी नंतरच खातो, आर्विड."

त्याने ताट बाजूला सारलं आणि उपाशी गेला. दुपारी मी खिमा-बटाटा भरलेल्या पास्ट्या, म्हणजे भाजलेल्या मोठ्या करंज्या, दिल्या. त्याने स्वतःची पेंगलीशी बदलली, मग परत बदलली, मग दोन्ही चिकडीजला, म्हणजे त्या छोट्या काळ्या टोपीच्या पाखरांना, टाकल्या आणि पाखरं मरतायत का ते बघत तासभर बसला. पाखरं गुबगुबीत झाली. रात्री त्याने मटणाचा रस्सा पाहिला आणि खिशातून सुकी पावाची चकती काढून चघळली. पुढचा दात नसल्याने ती फुटेना. तिसऱ्या दिवशी बुंध्यावर बसल्या बसल्या त्याच्या पोटाचा आवाज इतका मोठा झाला की बांधावरचे बीव्हर शेपट्या आपटून पाण्यात गेले, आणि त्यांच्यामागून सगळी हरणं शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात.

चौथ्या पहाटे मी चुलीशी आलो तर आर्विड आधीच एप्रन बांधून उभा होता. त्याच्या हातात पीठ होतं.

"जा," तो म्हणाला. "तुझ्या त्या वाऱ्यावरच्या बुंध्यावर जाऊन बस. चूल मी बघतो."

"आणि नियम?"

"नियमाने बुंधा माझा आहे. माझ्या बुंध्यावर कोण बसणार ते मी ठरवीन." पेंगलीने मान हलवली. त्याला ऐकू आलं की नाही देव जाणे, पण त्याला भूक लागली होती एवढं नक्की.

तेव्हापासून असंच चाललंय. दर ऑक्टोबरात आर्विड डबा घेऊन येतो. आता दारू पूर्ण असते, दीडशेची मऊ गोळी, लेम्पीला विचारून भरलेली, आणि तो कॉफीलाही थांबतो. मी त्यातली पाच आधी खडीच्या खाणीत झाडून बघतो. मग कॅम्पवर तो पॅनकेक करतो, आणि पहिला घास मी त्याला खायला लावतो.